संगणकाचा स्थानिक टाइम झोन प्रोग्रॅममधून कसा ओळखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपला प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालतो आहे त्याचा टाइम झोन कोणता, एवढंच विचारायचं असतं. उत्तर बहुतेक वेळा एका ओळीच्या कोडनं मिळतंही. पण हाती नेमकं काय आलं, आकडा, संक्षेप की नाव, हे न तपासता पुढे गेलं की काही महिन्यांनी सगळ्या वेळा तासभर सरकलेल्या दिसतात, आणि तोवर चुकीची माहिती डेटाबेसमध्ये जाऊन बसलेली असते. ते होऊ नये म्हणून हे पान.

टाइम झोन आणि ऑफसेट एकच ना?

नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच फरकावर उभी आहेत. ऑफसेट म्हणजे एखाद्या विशिष्ट क्षणी स्थानिक घड्याळ यूटीसीच्या (जगभर संदर्भासाठी धरलेल्या समान वेळेच्या) किती पुढे किंवा मागे आहे तो आकडा. टाइम झोन म्हणजे त्या भागात तो आकडा आजवर कधी काय होता आणि आजच्या नियमांप्रमाणे पुढे कधी बदलेल, याची सगळी नोंद.

अमेरिकेतली डेन्व्हर आणि फिनिक्स ही दोन शहरं घ्या. जानेवारीत दोन्हीकडे घड्याळ यूटीसीच्या सात तास मागे असतं. मार्चमध्ये डेन्व्हर घड्याळ तासभर पुढे करतं, फिनिक्स करत नाही. जानेवारीत ऑफसेट विचारून 'उणे सात' असं साठवलं, तर जुलैमधली भेट कोणत्या शहराच्या हिशोबानं दाखवायची हे कुठल्याच कोडला सांगता येणार नाही. ती माहिती साठवतानाच हरवली. म्हणून सिस्टीमकडे नाव मागा. नाव असलं की कोणत्याही तारखेचा आकडा काढता येतो. आकड्यावरून नाव काढता येत नाही.

ही 'एशिया/टोकियो'सारखी नावं कोण ठरवतं?

ती आयाना (इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक यांची नोंद ठेवणारी संस्था) टाइम झोन डेटाबेसमधली आहेत. याच संचाला टीझेडडेटा किंवा ओल्सन डेटाबेस असंही म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम १९८० च्या दशकात सुरू केलं. पुढे पॉल एगर्ट यांनी धुरा घेतली. २०११ मध्ये एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीनं जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगत खटला भरला, आणि त्याच सुमारास हा डेटाबेस आयकॅनच्या (आयाना चालवणाऱ्या संस्थेच्या) छत्राखाली आला. खटला २०१२ मध्ये मागे घेतला गेला.

नावात देशाऐवजी खंड आणि शहर असतं, कारण देशांची नावं आणि सीमा शहरांपेक्षा जास्त बदलतात. नवी आवृत्ती वर्ष आणि इंग्रजी अक्षर अशा जोडीनं ओळखली जाते आणि वर्षातून अनेकदा येते. कुठल्या ना कुठल्या सरकारनं घड्याळाचा नियम बदललेला असतो. कधी तर ऐन तोंडावर: मार्च २०२३ मध्ये लेबनॉननं घड्याळ पुढे करण्याच्या अवघे काही दिवस आधी ते लांबणीवर टाकलं आणि गोंधळ उडाल्यावर लगेच निर्णय फिरवला. अशा आठवड्यात कितीही नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर चुकीची वेळ दाखवू शकतं.

ब्राउझरमध्ये झोन कसा ओळखायचा?

जावास्क्रिप्टमध्ये लिहा: इंटल.डेटटाइमफॉरमॅट().रिझॉल्व्हडऑप्शन्स().टाइमझोन. यातून आयाना नाव मिळतं आणि आजच्या सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ते चालतं. नव्या टेंपोरल एपीआयमध्ये याच कामासाठी टेंपोरल.नाउ.टाइमझोनआयडी() आहे. वापरकर्त्याची परवानगी लागत नाही, लोकेशन विचारावं लागत नाही.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, काही ब्राउझर जुनं नाव देतात. एकाच संगणकावर एक ब्राउझर 'एशिया/कोलकाता' म्हणेल आणि दुसरा 'एशिया/कलकत्ता'. दोन्ही एकाच झोनची नावं आहेत, त्यामुळे स्ट्रिंगशी स्ट्रिंग ताडून 'झोन बदलला' असा निष्कर्ष काढू नका. दोन, टॉर ब्राउझरसारखे खासगीपणा जपणारे ब्राउझर मुद्दाम यूटीसी सांगतात. वापरकर्त्यानं ते जाणून निवडलं आहे. त्याला वळसा घालून खरा झोन हुडकण्याच्या मागे लागू नये.

गेटटाइमझोनऑफसेट() उलट चिन्हाचा आकडा का देतं?

कारण जावास्क्रिप्टचं हे फंक्शन यूटीसी वजा स्थानिक वेळ असा हिशोब मिनिटांत देतं. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या संगणकावर उत्तर येईल उणे ३३०. विंडोजच्या एपीआयमधला 'बायस' असाच उलटा आहे. युनिक्समध्ये झोन सांगणाऱ्या टीझेड या सेटिंगच्या नियमातही पश्चिमेकडचे आकडे धन धरतात. याच परंपरेमुळे 'ईटीसी/जीएमटी-५' या नावाचा अर्थ यूटीसीच्या पाच तास पुढे असा होतो. हे नाव कधीही अंदाजानं लिहू नका, दरवेळी ताडून पाहा.

हा आकडा नेहमी ज्या तारखेवर फंक्शन बोलावलं त्या तारखेचा असतो, हेही लोक विसरतात. आजचा ऑफसेट काढून तो सहा महिन्यांपुढच्या तारखेला लावणं ही या विषयातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

जुन्या कोडमध्ये १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांचे ऑफसेट घेऊन झोन ठरवलेला दिसतो. तो तसाच ठेवावा का?

ब्राउझर नाव सांगत नव्हते तेव्हा दुसरा इलाज नव्हता. दोन आकडे वेगळे आले तर तिथे उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत) पाळतात, आणि 'यूटीसीच्या किती पुढे' या हिशोबानं जुलैचा आकडा लहान असेल तर ठिकाण दक्षिण गोलार्धातलं, असा तर्क. पॅरिस, बर्लिन, रोम, माद्रिद यांचे दोन्ही आकडे सारखेच, त्यामुळे नाव कायम अंदाजानं ठरायचं. आज हा कोड काढून टाकावा, निदान नाव न मिळाल्यासच तो चालेल असं करावं.

याच तंत्राचं मेहनतीनं केलेलं रूप पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवा डेटाबेस उभारताना सिस्टीमकडून नाव मिळालं नाही तर ते माहितीतले झोन एकेक करून घेतं, सिस्टीमच्या वेळेशी अनेक तारखांना ताडून पाहतं आणि सर्वांत जास्त जुळणारा निवडतं. दोन तारखांपेक्षा हे कितीतरी भरवशाचं, तरी आहे अंदाजच.

लिनक्सवर नाव कुठे सापडतं?

आधी टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहा. तो असेल तर त्या प्रोसेसपुरता त्याचाच शब्द शेवटचा. नसेल तर ईटीसी फोल्डरमधली लोकलटाइम ही फाइल पाहा. ती बहुधा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) असते. तिचा पत्ता वाचून 'झोनइन्फो/' च्या पुढचा भाग घेतला की नाव मिळालं. मॅकओएसवरही हीच युक्ती चालते, फक्त फाइली दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात. डेबियन घराण्यात ईटीसीमध्येच टाइमझोन नावाची साधी मजकूर फाइलही आढळते, पण ती आणि सिमलिंक यांत मेळ नसेल तर सिमलिंक खरी माना. घड्याळ प्रत्यक्षात तिच्यावर चालतं.

अडचण येते ती लोकलटाइम ही सिमलिंक नसून कुणीतरी कॉपी केलेली फाइल असते तेव्हा. या फाइलीत ऑफसेट कधी बदलले याची यादी असते, शेवटी पुढच्या वर्षांसाठी नियमाची एक ओळ असते, पण झोनचं नाव कुठेच नसतं. मग झोनइन्फोमधली प्रत्येक फाइल बाइट-बाइट ताडून जुळणारी शोधावी लागते, आणि जुळणाऱ्या अनेक निघू शकतात. २०२२ पासून मूळ संचात ओस्लो, स्टॉकहोम आणि कोपनहेगन ही नावं बर्लिनच्याच माहितीकडे बोट दाखवतात, म्हणजे त्या फाइलींवरून माणूस नॉर्वेत आहे की जर्मनीत हे कळणार नाही. वेळ मात्र १९७० नंतरच्या सगळ्या तारखांसाठी बरोबर येईल. तुम्हाला वेळच हवी असेल तर काही बिघडत नाही. या नावावरून देश ठरवायचा असेल तर तो बेत सोडा.

टीझेडबद्दल आणखी एक. त्यात नाव असेलच असं नाही. आरंभी कोलन (:) आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता असू शकतो, किंवा ऑफसेट आणि घड्याळ बदलण्याच्या तारखा सांगणारा नियम असू शकतो. आणि नाव चुकीचं लिहिलं तर जीलिबसी (बहुतेक लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) एरर देत नाही. टीझेडमध्ये 'युरोप/पॅरिस'चं स्पेलिंग चुकवून डेट कमांड चालवून पाहा: वेळ यूटीसीची येते आणि तिच्यापुढे झोन म्हणून 'युरोप' असा शब्द छापला जातो. लॉगमध्ये असा खंडाचा शब्द झोनच्या जागी दिसला की स्पेलिंग तपासायला घ्या.

विंडोजवर 'रोमान्स स्टँडर्ड टाइम' असलं काहीतरी मिळतं. याचं करायचं काय?

विंडोजची झोन-नावं स्वतंत्र आहेत. ती रजिस्ट्रीत टाइमझोनकीनेम या नोंदीत असतात, प्रोग्रॅममधून गेटडायनॅमिकटाइमझोनइन्फर्मेशन या फंक्शननं मिळतात आणि हातानं पाहायची तर टीझेडयूटिल /जी ही कमांड आहे. नावात 'स्टँडर्ड' असलं तरी ते उन्हाळ्यातही तेच राहतं. आत्ता घड्याळ पुढे केलेलं आहे की नाही याचा त्या शब्दाशी संबंध नाही.

आयाना नावात रूपांतर करायला युनिकोडच्या सीएलडीआर प्रकल्पातला तक्ता वापरा. तो आयसीयू लायब्ररीतून मिळतो, आणि ही लायब्ररी विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून सिस्टीमसोबतच येते. स्वतःचा तक्ता बनवू नका. तो वर्षभरात शिळा होतो.

रूपांतर एकास एक नाही. 'रोमान्स स्टँडर्ड टाइम'खाली पॅरिस, ब्रसेल्स, माद्रिद आणि कोपनहेगन एकत्र येतात. तक्त्याला देश सांगितला तर नेमकं शहर मिळतं, न सांगितल्यास पॅरिस. म्हणून सिस्टीममधला प्रदेश माहीत असेल तर तो सोबत द्या. आणि पडद्यावर दिसणारं नाव झोनची ओळख (key) म्हणून कधीही वापरू नका: ते विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलतं, त्यामुळे तुमच्या संगणकावर चालणारा कोड जर्मन विंडोजवर बंद पडतो.

माझ्या भाषेत एका ओळीत काय लिहायचं?

जावा: झोनआयडी.सिस्टीमडिफॉल्ट(). सरळ नाव देतं.

डॉटनेट: टाइमझोनइन्फो.लोकल. विंडोजवर विंडोजचं नाव येतं, लिनक्सवर आयानाचं. डॉटनेट ६ पासून रूपांतराची फंक्शन्स आतच आहेत.

पायथन: इथे जरा थांबायला हवं. डेटटाइम.नाउ().अ‍ॅसटाइमझोन() चालतं आणि बरोबर वेळ दाखवतं, त्यामुळे काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात हाती येतो तो त्या क्षणाचा गोठलेला ऑफसेट. त्यावर सहा महिने मिळवले तर उन्हाळी वेळेचा बदल कळणारच नाही. ३.९ पासून झोनइन्फो मॉड्यूल आलं, पण स्थानिक झोनचं नाव सांगणारं फंक्शन मूळ पायथनमध्ये नाही. त्यासाठी टीझेडलोकल हे पॅकेज घ्या. विंडोजवर झोनइन्फोला माहिती पुरवायला टीझेडडेटा पॅकेजही लागतं.

गो: टाइम.लोकल वेळ नीट देतं, पण नाव विचारलं तर नुसतं 'लोकल' म्हणतं. नाव हवं तर टीझेड किंवा सिमलिंक स्वतः वाचा.

पीएचपी: सिस्टीमकडे बघतच नाही. ५.४ पासून सेटिंगमध्ये झोन लिहिला नसेल तर यूटीसी धरतं. मला हे धोरण पटतं; सर्व्हरवर अंदाज बांधण्यापेक्षा ठरलेलं उत्तर बरं.

डॉकरमध्ये चालवलं की यूटीसी येतं. बिघाड कुठे आहे?

बिघाड नाही. डॉकर प्रोग्रॅमला कंटेनर या बंदिस्त वातावरणात चालवतं, आणि कंटेनरला बाहेरच्या संगणकाचा झोन आपोआप मिळत नाही. टीझेड दिला तरी फरक पडत नसेल तर इमेजमध्ये टीझेडडेटा आहे का ते पाहा. अल्पाइनसारख्या छोट्या इमेजमध्ये ते नसतं, आणि वर सांगितल्याप्रमाणे नाव न सापडल्यास मुकाट्यानं यूटीसी धरलं जातं. गोमध्ये १.१५ पासून हा डेटा प्रोग्रॅममध्येच बांधून देता येतो. तरी आधी स्वतःला विचारा की कंटेनरला स्थानिक वेळ कशाला हवी आहे. सर्व्हर यूटीसीवर ठेवणं आणि वेळ वापरकर्त्याला दाखवताना बदलणं हेच सोयीचं.

आयएसटी, सीएसटी असे संक्षेप साठवले तर चालतील?

नाही. आयएसटी भारताचा, इस्रायलचा आणि आयर्लंडचाही. सीएसटी अमेरिकेच्या मध्यभागाचा, चीनचा आणि क्युबाचा. संक्षेप माणसाला दाखवण्यापुरते ठेवा.

वेबसर्व्हरला वापरकर्त्याचा झोन कसा कळेल? आयपीवरून काढू का?

ब्राउझर एचटीटीपी विनंतीसोबत झोन पाठवत नाही; त्यासाठी प्रमाणित हेडरच नाही. भाषेच्या हेडरवरून ठिकाण ओळखणं तर अगदीच निराधार. सरळ मार्ग हा की ब्राउझरमध्ये नाव काढून ते लॉगिनच्या वेळी किंवा कुकीतून सर्व्हरला कळवावं.

आयपी पत्त्यावरून मिळणारं ठिकाण व्हीपीएन, कंपनीचा प्रॉक्सी किंवा मोबाईल नेटवर्क यांमुळे भलत्याच शहरातलं असू शकतं. आणि ठिकाण अचूक असलं तरी प्रश्न संपत नाही. चीनच्या शिनज्यांगमध्ये अधिकृत वेळ बीजिंगची आहे, पण तिथले अनेक उइगुर लोक दोन तास मागची वेळ पाळतात; आयाना संचात त्यासाठी 'एशिया/उरुमची' हे वेगळं नाव आहे. अक्षांश-रेखांश एकच, घड्याळं दोन. कोणतं लावायचं हे माणसानं आपल्या संगणकावर आधीच ठरवलेलं असतं. ते विचारून घ्या.

मोबाईलला झोन कसा कळतो?

बऱ्याचदा नेटवर्ककडून. मात्र मोबाईल टॉवर झोनचं नाव पाठवत नाही, पाव तासाच्या पटीतला ऑफसेट पाठवतो. अँड्रॉइड त्याला नेटवर्कच्या देश-कोडची जोड देऊन नाव ठरवतं. सीमेजवळ दुसऱ्या देशाचं नेटवर्क पकडलं गेलं की फोनचं घड्याळ उडी मारतं ते यामुळे. तुमच्या अ‍ॅपनं सिस्टीमनं ठरवलेलं नाव घ्यावं, स्वतः नव्यानं ठरवू नये.

प्रोग्रॅम चालू असताना झोन बदलला तर?

लॅपटॉप घेऊन माणूस विमानातून उतरतो तेव्हा हेच होतं. बहुतेक रनटाइम झोन एकदा वाचून जपून ठेवतात. जावाचं व्हर्च्युअल मशीन तसंच करतं. डॉटनेटमध्ये क्लिअरकॅश्डडेटा बोलावावं लागतं. लिनक्सवरच्या क्रॉनसारख्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या) सेवा झोन बदलल्यावर पुन्हा सुरू कराव्यात. अँड्रॉइड, आयओएस बदलाची सूचना पाठवतात, ती ऐका. ब्राउझरमध्ये सगळीकडे चालणारी अशी सूचना नाही, म्हणून टॅब पुन्हा समोर आला की नाव परत विचारून घ्यावं. महागडं काम नाही ते.

ओळखलेला झोन कसा साठवावा?

घडून गेलेल्या गोष्टींसाठी यूटीसी वेळ साठवा आणि हवं तर सोबत झोनचं नाव.

पुढच्या गोष्टींसाठी एवढं पुरत नाही. समजा २०२२ च्या उन्हाळ्यात कुणी मेक्सिको सिटीमधली जून २०२३ ची बैठक सकाळी १० वाजता ठरवली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे जूनमध्ये ऑफसेट उणे पाच, म्हणून डेटाबेसमध्ये यूटीसी १५:०० गेलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोनं देशाच्या बहुतांश भागात उन्हाळी वेळ रद्द केली. जूनचा ऑफसेट उणे सहा झाला आणि तीच नोंद आता ९ वाजता दिसू लागली. लोक मात्र १० लाच येणार होते. माणसांनी ठरवलेली भावी वेळ ही 'तिथल्या घड्याळात १०' अशीच साठवायला हवी, झोनच्या नावासह, आणि यूटीसी त्यावरून गरजेप्रमाणे काढायला हवं.

वापरकर्त्याच्या ब्राउझरनं पाठवलेलं नाव सर्व्हरला ओळखू येत नाही. असं का?

सर्व्हरवरचा टीझेडडेटा जुना आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या राजधानीचं नाव नव्या स्पेलिंगनं आलं, आणि त्याच वर्षाअखेरीस मेक्सिकोतल्या स्युदाद हुआरेससाठी वेगळा झोन तयार झाला. त्याआधीचा संच असलेल्या सर्व्हरला ही नावं ठाऊक नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम, जावा, डेटाबेस आणि जावास्क्रिप्ट रनटाइम यांच्याकडे या संचाची प्रत्येकी वेगळी प्रत असू शकते, तेव्हा सगळ्या अद्ययावत करा. आणि बाहेरून आलेलं नाव ओळखीचं नसेल तर विनंती फेटाळू नका; मूळ नाव जपून ठेवा, तात्पुरता ऑफसेट वापरा.

घड्याळ झोनच्या ऑफसेटइतकंच चुकतं, पण झोन तर बरोबर आहे.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत का? मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी. दोन्हींपैकी एकाची सवय बदलली की प्रश्न मिटतो.

एवढं सगळं करून झोन वापरकर्त्याला विचारावा का?

हो. सेटिंगमध्ये निवड ठेवा, ओळखलेलं नाव आधीच भरलेलं दाखवा. प्रवासात असलेल्या पुष्कळ जणांना घरचीच वेळ दिसायला हवी असते. एकदा माणसानं हातानं निवडलं की सॉफ्टवेअरनं ते परस्पर बदलू नये. फार तर 'संगणकाचा झोन वेगळा दिसतो, बदलायचा का?' एवढं विचारावं.

हे सगळं तपासायचं कसं?

युनिक्सवर टीझेड बदलून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा; नोड या जावास्क्रिप्ट रनटाइममध्येही हे चालतं. विंडोजच्या सी रनटाइमला टीझेडमधलं आयाना नाव समजत नाही, तिथे सिस्टीमचाच झोन बदला. क्रोमच्या डेव्हलपर साधनांत ठिकाण आणि झोन खोटा सांगण्याची सोय आहे.

झोन निवडताना अडचणीचे निवडा. काठमांडू, कारण ऑफसेट पावणेसहा तास. लॉर्ड हाउ बेट, कारण तिथे उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर नव्हे, अर्धाच तास सरकतं. सिडनी, म्हणजे दक्षिण गोलार्धाचा हिशोब तपासला जाईल. डब्लिन, कारण आयर्लंडच्या कायद्यात उन्हाळ्यातली वेळ 'प्रमाण' आहे आणि हिवाळ्यात घड्याळ मागे जातं, त्यामुळे डीएसटी (उन्हाळी वेळेसाठी धरलेला फरक) नेहमी धन असतो असं धरणारा कोड तिथे उघडा पडतो. किरिबातीची लाइन बेटं, कारण ऑफसेट अधिक १४. बारापेक्षा मोठा आकडा नाकारणारी तपासणी अजूनही पुष्कळ ठिकाणी सापडते. आणि सामोआतलं आपिया: २०११ साली दिनांकरेषा ओलांडताना तिथे ३० डिसेंबर हा दिवस आलाच नाही. २९ तारखेत एक दिवस मिळवून तुमचा कोड काय छापतो ते पाहा.